आधी पाणी, मग बोर्ड

पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायचा बोर्ड, घ्यायचं मनात आलं की माणूस आधी बोर्डांचे फोटो बघत बसतो. लांबी किती, रंग कोणता, सोबत काय काय मिळतं, सवलत किती. पाण्याचा विचार कोणी करत नाही, कारण पाणी काय, आहेच! कोकणात खाड्या आहेत, गोव्यात नद्या आहेत, पुण्याच्या आसपास धरणं आहेत. नवख्यांच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. कुठल्या पाण्यावर, कुठल्या महिन्यांत आणि दिवसाच्या कुठल्या वेळी उभं राहायचं हे आधी ठरलं, तर बोर्ड, पॅडल (वल्हं), फिन (बोर्डाच्या तळाला लावायचा पंख) आणि लीश (बोर्ड आपल्या अंगाला बांधून ठेवणारी दोरी) यांतलं काय घ्यायचं ते बरंचसं त्यातूनच ठरतं. म्हणून हा लेख पाण्यापासून सुरू करतो.

या खेळाची वंशावळ दोन वाक्यांत सांगता येते. हवाई बेटांवर वायकिकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे काही जण विसाव्या शतकाच्या मध्यात मोठ्या बोर्डावर उभे राहून हातात वल्हं घेऊन फिरत; पुढे लेअर्ड हॅमिल्टनसारख्या सर्फरांनी ती पद्धत पुन्हा उचलली आणि २००० नंतर ती जगभर पसरली. आपल्याकडे या खेळाचं नाव घेतलं की कर्नाटकातलं मुल्की आणि तिथली शांभवी नदी आठवते. २०२४ मध्ये मंगळुरूजवळ ससिहित्लूच्या किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. म्हणजे पश्चिम किनारा या खेळाला मानवतो, यात शंका नाही. मात्र तो कधी मानवतो, हे नीट समजून घ्यावं लागतं.

पहिला प्रश्न वाऱ्याचा. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष कामाला येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो. सूर्य वर आला की तो पडतो आणि पाणी काही काळ अगदी सपाट होतं. साधारण अकराच्या पुढे समुद्राकडून खारा वारा धरतो आणि दुपारी चांगलाच वाढतो. नवशिक्याचा वेग असतो ताशी ४-५ किलोमीटर. वारा ताशी १५ किलोमीटरच्या पुढे गेला की समोरून तो कापणं जड जातं, कारण उभं शरीर म्हणजे शीडच. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला असेल, तर त्या दिवशी उतरूच नये. जमिनीकडून वाहणारा वारा जास्त फसवा असतो. किनाऱ्यालगत झाडांच्या आणि टेकड्यांच्या आडोशाला पाणी आरशासारखं दिसतं, आपण मजेत आत जातो आणि आडोसा संपला की परतीचा वारा तोंडावर येतो. म्हणून नियम एकच ठेवावा: निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं जायचं. दमलेल्या अंगाला परत आणायचं काम मग वारा करतो.

दुसरा प्रश्न भरती-ओहोटीचा, आणि कोकणात तो वाऱ्याहून मोठा आहे. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या दिवसांत पाण्याची चढउतार ४ मीटरच्या वर जाते. गोव्यात ती साधारण २ मीटर असते. हे पाणी सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात एकूण उंचीचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी आत येतं किंवा बाहेर जातं. ४ मीटरची चढउतार असेल तर दोन तासांत २ मीटर! अरुंद खाडीत त्या वेळी पाण्याचा जो ओढा, म्हणजे खेच, असतो, त्याच्याविरुद्ध नवखा माणूस जागच्या जागी पॅडल मारत राहतो.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब अजूनही उपयोगी आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची, येईल तो तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. हा मुंबई-रायगडकडचा अंदाज आहे. दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते, खाडीत आत जावं तशी ती उशिरा पोचते, आणि नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघितलंच पाहिजे. पण हा हिशोब वाऱ्याच्या वेळापत्रकाशी जोडला की एक फार छान गोष्ट हाती लागते. नवमी ते द्वादशीला भरती पावणेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे वारा पडलेला असताना खाडी भरलेली असते. शिवाय अष्टमीच्या पुढचे हे दिवस भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे, म्हणून ओढाही मवाळ. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांत हे दिवस येतात. हिवाळ्यातल्या अशा सकाळी पूर्ण भरतीच्या दीड तास आधी निघावं, चढत्या पाण्याबरोबर खाडीत वर जावं, पाणी थबकलं की वळावं आणि उतरत्या पाण्याबरोबर परत यावं. दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूनं. नव्या माणसाला यापेक्षा चांगली सुरुवात मिळणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओहोटीला नेमकं उलटं घडतं. चिखल उघडा पडतो आणि त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. खडकांवरची कालवं उघडी होतात; त्यांच्या कडा तळपाय कापतात आणि हवा भरून फुगवायच्या बोर्डाचा तळही चिरतात. म्हणून जाड रबरी तळाचे बूट घालूनच उतरावं. उथळ वाळूत पाय उचलून न टाकता घासत चालावं, म्हणजे वाळूत दबून बसलेली पाकट दूर सरकते. खाडीच्या मुखाकडे तर शिकत असेपर्यंत फिरकूच नये. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट तिथे समोरासमोर भिडतात आणि वाळूच्या उंचवट्यावर लाटा फुटतात.

मासेमारीच्या जाळ्यांपासूनही लांब राहावं. दोरीत फिन अडकते हा आपला त्रास झाला. जाळं फाटलं तर दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो. कोळी बांधवांना आधी विचारलं तर कुठे जाळी लावली आहेत, कुठे खडक आहे, पाणी कुठे ओढतं, हे सगळं ते सांगतात, आणि इतकी नेमकी माहिती कुठल्याही ॲपवर नसते. एक गोष्ट मात्र स्वतःहून माहीत हवी: चिपळूणजवळची वाशिष्ठी आणि गोव्यातला कुंभारजुवेचा कालवा इथे मगरी आहेत. लोक तिथे होडीतून मगरी बघायला जातात. ते पाणी पॅडलबोर्डासाठी नाही.

धरणाच्या पाण्याला ओढा नसतो, म्हणून ते सोपं वाटतं. पण तिथे काठ एकदम खोल जातो, पाण्याखाली झाडांचे बुंधे असतात आणि डोंगरांच्या खिंडीतून दुपारी वारा घोंघावत येतो. जलाशयात उतरायला परवानगी लागते का, हे स्थानिक पातळीवर आधी विचारून घ्यावं. पावसाळ्यात तर किनारा, खाडी, धरण सगळीकडेच हा खेळ बंद ठेवावा.

पाणी ठरलं की बोर्डाचा हिशोब करता येतो. ज्यांना फ्लॅटमध्ये राहायचं आहे आणि गाडीच्या डिकीतून बोर्ड न्यायचा आहे, त्यांनी हवेचाच बोर्ड घ्यावा. कडक बोर्ड पाण्यावर जास्त छान सरकतो, पण तो साडेदहा फुटांचा असतो, टपावर बांधावा लागतो आणि कुठे आपटून चीर पडली की आतला फोम पाणी पितो. हवेच्या बोर्डात वरचं आणि खालचं कापड हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं. हवा भरली की हे धागे ताणले जातात आणि म्हणूनच तो फुग्यासारखा गोल न होता सपाट आणि कडक राहतो.

सर्वसाधारण वापराचं माप म्हणजे १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड, सुमारे ३०० लिटर. हे लिटर कसे वाचायचे ते बघा. माणूस ७५ किलोचा, बोर्ड आणि पॅडल ११ किलो, जॅकेट, पाणी, पिशवी ६ किलो, एकूण ९२. गोड्या पाण्यात १ किलो वजन १ लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे ३०० लिटरच्या बोर्डाचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी भाग बुडतो. तोच माणूस १८० लिटरच्या बोर्डावर उभा राहिला तर निम्मा बोर्ड पाण्याखाली जातो आणि जराशा हालचालीनं कड बुडते. शिकण्यासाठी एकूण वजनाच्या तिपटीच्या आसपास लिटर असावेत. खोक्यावर छापलेली कमाल वजनमर्यादा ही बोर्ड तरंगण्याची असते, चांगला चालण्याची नसते. त्या आकड्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच वजन धरून चालावं.

रुंदीच्या बाबतीत विक्रेते सर्रास ‘जितकं रुंद तितकं बरं’ म्हणतात. वजन ९० किलोच्या वर असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर ३३-३४ इंच ठीक आहे. पण बुटक्या, हलक्या माणसाचा हात त्या रुंदीवरून पलीकडे नीट पोचत नाही. पॅडल तिरकं पडतं आणि प्रत्येक फटक्याला बोर्ड वळतो. अशांनी ३० ते ३१ इंचच घ्यावा. आणि ४ इंच जाडीचा बोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी प्रौढ माणसासाठी घेऊ नये. तो मधोमध केळ्यासारखा वाकतो आणि मग दोष आपल्या तोलाचा आहे असं वाटत राहतं.

६ इंच जाडीचा बोर्डसुद्धा कमी हवेत तसाच वाकतो. बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतं. नेमका आकडा व्हॉल्व्हपाशी छापलेला असतो. हातपंपानं ८ ते १० मिनिटं जातात. सुरुवातीला पंप दोन्ही बाजूंनी, म्हणजे ओढताना आणि दाबतानाही, हवा भरेल असा ठेवायचा. ८ पीएसआयच्या सुमाराला दांडा दाबणं जड होतं, तेव्हा तो फक्त दाबताना भरेल असा करायचा आणि हात सरळ ठेवून अंगाच्या वजनानं खाली दाबायचं. पंपावरचा काटा बराच वेळ शून्यावर राहतो. तो बिघडलेला नसतो; ५ पीएसआयच्या आसपास पोचल्याशिवाय तो हलतच नाही. इथे खूप जण थांबतात, आणि ‘भरला की’ म्हणून निम्म्या हवेवर पाण्यात उतरतात.

व्हॉल्व्हकडे नीट लक्ष द्या. झाकण उघडलं की मध्ये एक छोटी खीळ दिसते. ती दाबून पाव फेरा फिरवली की खाली अडकते आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. पुन्हा दाबून फिरवली की वर उडी मारते आणि व्हॉल्व्ह बंद होतो. हवा भरताना खीळ वरच हवी. ती खाली राहिली असेल तर नळी काढल्याबरोबर दहा मिनिटांची मेहनत एका सुस्काऱ्यात निघून जाते. नळी लावण्याआधी रबरी कडेवरची वाळू बोटानं पुसायची, कारण एक कण अडकला तरी हवा हळूहळू जात राहते.

पैसे कमी असतील तर काटकसर बोर्डाच्या रंगरूपात करावी, पॅडलमध्ये करू नये. बोर्डाबरोबर फुकट येणारं ॲल्युमिनियमचं पॅडल साधारण १ किलोचं असतं. फायबरग्लास किंवा कार्बनचं ६०० ते ७५० ग्रॅमचं. फरक किरकोळ वाटतो. मिनिटाला ३० फटके धरले तर तासाला १,८०० होतात, आणि ४०० ग्रॅमच्या फरकानं तासाभरात ७२० किलो जास्तीचं उचललं जातं, तेही खांद्यानं. पॅडलची लांबी सपाट पाण्यासाठी आपल्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर जास्त ठेवावी. पॅडल उभं धरून हात वर केला की मुठीवर मनगट वाकून टेकलं पाहिजे. पातं दांड्याशी थोड्या कोनात वाकलेलं असतं आणि तो कल पुढे, बोर्डाच्या नाकाकडे हवा. उलटं धरलेलं पॅडल किनाऱ्यावरून लांबूनच ओळखू येतं. पाणी आपल्याकडे खेचलं जाईल असंच धरायचं, असं मनाला वाटतं म्हणून ही चूक होते. योग्य बाजूनं धरलं की फटक्याच्या शेवटी पातं उभं राहतं आणि पाणी वर उचललं जात नाही.

फिन ८ ते १० इंचांची असते आणि बोर्ड सरळ ठेवते. तिचा वाकलेला शेंडा मागच्या बाजूला यायला हवा. घडी घालून ठेवल्यामुळे ती वाकडी झाली तर गरम पाण्यात धरून सरळ करायची आणि लगेच थंड पाण्यात बुडवायची. उथळ खाडीसाठी ४-५ इंचांची आखूड फिन वेगळी घेऊन ठेवावी. लांब फिन वाळूत अडकली की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे पडतो.

लीशच्या बाबतीत मी कुणाचंच ‘चालतं हो’ ऐकायला तयार नाही. धरणाच्या स्थिर पाण्यात पिंढरीला बांधायची गुंडाळीची लीश योग्य आहे. खाडीत, नदीत, जिथे म्हणून पाणी वाहतं तिथे लीश कमरेच्या पट्ट्याला हवी आणि तो पट्टा एका हिसक्यात सुटणारा हवा. कारण सरळ आहे: लीश एखाद्या खुंटात किंवा खारफुटीच्या मुळांत अडकली की बोर्ड एका बाजूला ओढला जातो, आपण दुसऱ्या बाजूला, आणि वाहतं पाणी अंगावरून जात असताना वाकून घोट्यापर्यंत हात पोचवणं शक्य होत नाही. कमरेवरचा, पट्टा सोडवायला ओढायचा गोळा मात्र कुठल्याही स्थितीत हाताला लागतो. तो डोळे मिटून दोन्ही हातांनी ओढून बघायची सवय काठावरच करावी.

तरंगायचं जॅकेट ५० न्यूटनचं (हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप), अंगाला घट्ट बसणारं. खांद्यावर धरून वर ओढल्यावर ते कानापर्यंत आलं तर माप मोठं आहे. कमरेला बांधायचा, दोरी ओढल्यावर फुगणारा पट्टा सुटसुटीत असतो, पण घाबरलेल्या माणसाला ती दोरी आठवेलच असं नाही. नवशिक्यानं जॅकेटच घालावं. फोन जलरोधक पिशवीत आणि ती पिशवी अंगावर, बोर्डावर नाही. शिट्टी जॅकेटला. मदतीसाठी ११२. किनाऱ्यावर कुणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवायची.

आता पाण्यात. गुडघ्याच्या वर पाणी येईपर्यंत बोर्ड चालवत न्यायचा, म्हणजे फिन टेकणार नाही. बोर्डाच्या मध्यावर उचलायची मूठ असते, तीच तोलाची जागा. तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायचे, पॅडलची पकड आखूड करायची आणि आधी दहा-पंधरा मिनिटं गुडघ्यांवरच फिरायचं. उभं राहताना पॅडल समोर आडवं ठेवून त्यावर हात टेकायचे, एक पाऊल गुडघ्याच्या जागी, मग दुसरं. दोन्ही पावलं समांतर, खांद्याइतक्या अंतरावर. नजर समोरच्या काठावर ठेवायची. पायांकडे बघितलं की डोकं पुढे जातं आणि त्यामागे सगळं शरीर. उभं राहिल्याबरोबर पहिला फटका मारायचा, कारण चालता बोर्ड थांबलेल्यापेक्षा स्थिर असतो. तळपाय बधिर व्हायला लागले तर पायाची बोटं बोर्ड आवळून धरतायत असं समजावं. बोटं उचलून सैल करावीत.

फटका पावलाच्या बराच पुढे सुरू होतो आणि घोट्यापाशी संपतो. पातं पूर्ण बुडाल्यावरच जोर लावायचा. वरचा हात खालच्या हाताच्या बरोबर वर आला की दांडा उभा राहतो आणि बोर्ड सरळ जातो. घोट्याच्या मागे ओढत नेलं की बोर्ड वळतो, आणि तीन-तीन फटक्यांनी बाजू बदलायची वेळ येते. जोर कमरेतून आणि पाठीतून यायला हवा. दंड दुखत असतील तर अंग वळत नाही असं समजावं.

पडायचं तर बोर्डापासून दूर, कुशीवर किंवा पाठीवर सपाट. कधीही सूर मारून नाही, कारण खाली किती पाणी आहे हे ठाऊक नसतं. परत चढायचं ते मध्यावरून. मूठ धरायची, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे, पोहताना मारतो तसे मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचं. पाय बोर्डाखाली लटकत राहिले तर कितीही ताकद लावली तरी अंग वर येत नाही. हे पहिल्याच दिवशी, अंगात दम असताना, मुद्दाम पडून पाच-सहा वेळा करून बघावं. वारा वाढलाच तर गुडघ्यांवर बसावं. तेही जमेना तर पॅडल छातीखाली धरून पालथं झोपावं आणि हातांनी पाणी ओढावं. बोर्ड सोडून पोहत काठ गाठायचा प्रयत्न करू नये. आपल्याजवळ तरंगणारी सर्वात मोठी वस्तू तीच असते.

बाहेर आल्यावर बोर्ड उन्हात तापत ठेवणं हा तो बिघडवायचा खात्रीचा मार्ग. २५ अंशांवर १५ पीएसआय असलेला दाब ६० अंशांवर १८ च्या पुढे जातो आणि शिवण उकलू शकते. सावली नसेल तर खीळ हलकेच दाबून थोडी हवा सोडावी. खाडीच्या पाण्यानंतर बोर्ड, फिनची खाच, व्हॉल्व्हची कड आणि पॅडलचे सांधे गोड्या पाण्यानं धुवावेत. पॅडलचे तुकडे वेगळे करून वाळवले नाहीत तर वाळू आणि मीठ मिळून ते जाम होतात. ओला बोर्ड गुंडाळला तर चार दिवसांत बुरशीचा वास येतो. हवा हळूहळू जातेय अशी शंका आली तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हभोवती फिरवावं, मग कडेनं. बुडबुडे व्हॉल्व्हपाशी दिसले तर तो सैल झालेला असतो आणि सोबत आलेल्या पान्यानं आवळला की काम होतं. तळाला चीर असेल तर हवा काढून जागा पुसून पूर्ण कोरडी करावी, पीव्हीसीचा गोंद ठिगळ आणि बोर्ड दोन्हींना लावावा, तो चिकट होईपर्यंत थांबून दाबून बसवावं आणि २४ तास त्यात हवा भरू नये.